कोयनेचं धरण साठी ओलांडून गेलंय

नमस्कार मंडळी, आज कोयनेबद्दल बोलायचंय. पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज हमखास फिरतो, कोयनेला तडा गेला, आता पाटण, कराड, सांगली काही राहत नाही, आणि लोक रात्रभर जागे. तो मेसेज पुढे पाठवू नका, पण तड्याची गोष्ट अगदीच खोटी आहे असंही नाही, फक्त ती 1967 ची आहे.

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. भूकंपात कोयनानगर परिसरात सुमारे 180 माणसं गेली. 103 मीटर उंचीच्या त्या भिंतीचा मागचा, म्हणजे पाणी नसलेल्या बाजूचा उतार वर जिथे एकदम बदलतो ना, तिथेच दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या, कारण हा भाग भूकंपाचा नाहीच असं धरून डिझाईनमध्ये वजनाच्या फक्त 5 टक्के आडवा धक्का हिशेबात घेतला होता आणि प्रत्यक्षात आला तो त्याच्या कितीतरी पट. भिंत मात्र उभी राहिली. मग भेगा इपॉक्सी या चिकट रसायनाने भरल्या, केबल टाकून भिंत आवळली, मागून काँक्रीटचा आधार दिला, पण सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी सोडायच्या भागाचं मजबुतीकरण व्हायला 2000 साल उलटून गेलं, आणि एवढा उशीर मला तरी पटत नाही.

आता धरण साठीच्या पुढे आहे, भूकंपाचे छोटे धक्के अजून बसतात. अशा वयात नुसती बाहेरून भिंत बघून काही कळत नसतं, भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत, म्हणजे बोगद्यासारख्या वाटेत जाऊन गळतीचं पाणी रोज मोजावं लागतं, पायातला पाण्याचा दाब कमी करणारी भोकं चुन्याने बुजलीत का ते बघावं लागतं. आणि दरवाजे! 105 टीएमसीचा (म्हणजे 105 अब्ज घनफुटांचा) साठा पावसाळ्याअखेर वीज आणि शेतीसाठी भरलेला हवा, पण ऐन पुरात जागाही रिकामी हवी, त्यामुळे दरवाजे वेळेवर आणि नीट उघडणं यावर कराड सांगलीची झोप अवलंबून. घाटाखाली पोफळीला वीज करून वाशिष्ठी नदीत उतरणारं पाणी चिपळूणकडे जातं, त्यामुळे हा प्रश्न घाटाच्या दोन्ही बाजूंचा आहे.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणि आपत्कालीन कृती आराखडा हे बंधनकारक केलंय. मग पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, दरवाजे पूर्ण उघडले तर पाणी आपल्या वाडीत किती तासांत पोचेल, भोंगा कुठे आहे, रात्री लाईट गेलेली असताना तो वाजतो का, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना कोण उचलून नेणार. उत्तर लेखी मागा, आणि पावसाळ्याआधी मागा.