रेशीम पाण्यात घालण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नसराई संपली की घरोघरी एक प्रश्न उभा राहतो: नेसलेल्या रेशमी साड्या घरी धुवाव्यात, की ड्रायक्लीनिंगला द्याव्यात? हा निर्णय साडी कोरडी असतानाच घ्यावा, असे माझे सांगणे आहे. आधी पाहावे आणि मगच भिजवावे. हे मी ज्या प्रसंगातून शिकले, तो प्रसंग आज आपल्याला सांगते.

मी दहा-अकरा वर्षांची असताना नाशिकला आजोळी मामेबहिणीची हळद होती. आईने मोतिया रंगाची, मरून काठाची रेशमी साडी नेसली होती आणि तिच्या पदराला कुणाचा तरी हळदीने भरलेला हात लागला. आईने लगबगीने न्हाणीघर गाठले आणि डागावर कपडे धुण्याची वडी घासली, तोच पिवळा डाग लालभडक झाला. काठाचा रंग फुटला असे वाटून ती घाबरली आणि अधिकच जोराने चोळू लागली. तेवढ्यात आजी आली. तिने आईचा हात धरला, पांढऱ्या कापडाचा तुकडा ओला करून काठाच्या आतल्या बाजूला दाबून धरला आणि तो कोराच निघालेला आईला दाखवला. "अगं, चोळू नकोस," ती म्हणाली, "काठ पक्का आहे. हळदीत चुना कालवला की कुंकू होते ना, तसेच साबणाने केले आहे."

तिने वाटीभर पाण्यात लिंबाचे काही थेंब पिळले आणि कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून डागावर नुसता टेकवला. आमच्या डोळ्यांदेखत लाल डाग पुन्हा पिवळा झाला. रात्री तिने आठ-दहा रिठे बिया काढून कोमट पाण्यात भिजत घातले, सकाळी ते पाणी गाळून थंड पाण्यात मिसळले आणि साडी त्यात हलकेच वरखाली केली. नंतर ती स्वच्छ पाण्यातून काढून, न पिळता, आजोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून दाबली आणि सावलीत वाळत घातली. हळदीची उरलेली झाक पुढे काही महिन्यांत विरून गेली. परंतु आईने जिथे चोळले होते, तिथे रुपयाएवढी जागा पांढुरकी आणि खरखरीत झाली, ती कायमची. ती साडी आज माझ्याकडे आहे आणि घडी उलगडताना माझे बोट अजूनही त्या जागेवर थांबते.

आता याचे कारण थोडक्यात सांगते. रेशीम हे लोकरीसारखेच प्राणिज प्रथिन आहे. धुण्याचा सोडा आणि कपड्यांचा साबण हे क्षारधर्मी असल्यामुळे रेशमाला मानवत नाहीत, आणि ओले रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवत असते. म्हणून चोळू नये, पिळू नये, ब्रश लावू नये. हे मी पुन्हा सांगते: ओले रेशीम चोळू नये.

निर्णयासाठी आजीचीच परीक्षा करावी. प्रत्येक रंगावर, आतल्या बाजूने, ओले पांढरे कापड दाबून पाहावे. कापडाला रंग लागला, तर साडी घरी भिजवू नये. रंग पक्का असेल आणि साडी एकरंगी, बिनजरीची असेल, तर रिठा किंवा रेशमासाठीचे सौम्य द्रावण आणि थंड पाणी पुरेसे आहे. येवल्याची पैठणी, भरजरी शालू, टिकल्यांचे किंवा खड्यांचे काम असलेली साडी मात्र मी कधीही पाण्यात घालत नाही, कारण पाण्याने रेशीम आणि जर वेगवेगळी आकसतात आणि काठ गोळा होतो.

येथे माझे एक आग्रहाचे मत सांगते. पैठणी जपायची म्हणून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे मला पटत नाही. एकाच घडीवर राहिलेले रेशीम त्या घडीवरच चिरते. ती नेसावी, वाऱ्यावर टाकावी, घडी बदलावी आणि मलमलीच्या कापडात गुंडाळून ठेवावी. प्रत्येक वेळी नेसल्यावर ती धुण्याची गरजही नसते.

आणि ड्रायक्लीनिंगला देताना डागाच्या जागी सैलसा दोरा घालून, डाग हळदीचा, तेलाचा की चहाचा, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. प्रत्येक डागाचा उपाय वेगळा असतो आणि तो कशाचा आहे, हे आपल्यालाच ठाऊक असते.

नमस्कार.