ब्रेकच्या खुणा

[पहाट. रिकामा रस्ता. डांबरावर दोन काळे पट्टे.]

हे दोन काळे पट्टे नीट बघा. चाकं जाम झाली, रबर डांबरावर घासलं आणि हे उमटले. अपघाताची चौकशी करणारी माणसं आली की टेप काढतात आणि हे पट्टे मोजतात. पट्टा किती लांब, रस्ता कोरडा होता की ओला, चढ होता की उतार, एवढ्यावरून गाडीच्या वेगाचा हिशेब मांडता येतो. चालवणाऱ्याला आपला वेग आठवत नसतो. आठवत असला तरी सांगावासा वाटत नाही. रस्ता मात्र सांगतो.

कधी कधी पट्टेच नसतात. आजच्या बऱ्याच गाड्यांचे ब्रेक चाक जाम होऊच देत नाहीत, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण ऐकवत नाही. ब्रेक लागलाच नव्हता. समोरचं माणूस दिसलंच नव्हतं.

[दिवस उजाडतो. त्याच रस्त्यावर हळूहळू वर्दळ वाढते.]

हा महामार्ग नाही. वस्तीतून जाणारा साधा रस्ता आहे. मुलं इथून शाळेत जातात, म्हातारी माणसं औषधं आणायला बाहेर पडतात. सायकल, दुचाकी, बस, ट्रक आणि पायी चालणारे, सगळे एकाच पट्ट्यातून वाट काढतात. ओळखीचा रस्ता, म्हणून इथे कुणाला भीती वाटत नाही. जवळच तर जायचंय, म्हणून हेल्मेट घरीच राहतं आणि सीटबेल्ट खांद्यामागे लोंबत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरातल्या रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. म्हणजे दर मिनिटाला दोनाहून जास्त. त्यांतले निम्म्याहून अधिक गाडीच्या पत्र्याआड बसलेले नव्हते. ते चालत होते, सायकलवर होते किंवा दुचाकीवर होते. आणि ५ ते २९ या वयातल्या मुलांच्या, तरुणांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण कुठला आजार नाही. रस्ता आहे.

यातून कुणी वाचलं की आपण म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. ज्या घरावर हे ओढवतं, तिथे सांत्वनाला आलेलं माणूस दुसरं काय बोलणार? त्या घरात हे शब्द आधार देतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण रस्त्यावर उभं राहून बघितलं, तर काळ आणि वेळ यांच्या मधे आणखी एक गोष्ट दिसते. ती मीटरमध्ये मोजता येते.

[आकृती. एका रेषेवर शेजारी शेजारी दोन गाड्या.]

या दोन गाड्या एकमेकींना समांतर चालल्या आहेत. एकीचा वेग ताशी ५० किलोमीटर, दुसरीचा ६०. समोर २८ मीटरवर एक मूल रस्त्यात येतं. दोन्ही चालकांना ते एकाच क्षणी दिसतं. दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. (नजर रस्त्यावर असेल तरच हा एक सेकंद. हातात फोन असेल तर हिशेब इथेच संपतो.)

पन्नासची गाडी त्या सेकंदात १४ मीटर पुढे सरकते. मग ब्रेक लागतो. रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत, आणि उरलेल्या १४ मीटरमध्ये गाडी थांबते. अगदी मुलाच्या पुढ्यात, पण थांबते. मूल घाबरतं, रडतं, घरी जातं.

साठची गाडी त्याच सेकंदात जवळपास १७ मीटर कापते. थांबायला उरले ११. ब्रेक तेवढाच जोरात लागलाय, चालक तेवढाच दक्ष आहे, चूक काही केलेली नाही. तरी मुलापाशी पोचते तेव्हा ही गाडी ताशी ४० किलोमीटरनं धावत असते.

दहाचा फरक वाटला होता. एकीकडे शून्य आलं, दुसरीकडे चाळीस.

याचं कारण असं की धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती सगळी कुठेतरी जिरवावी लागते. आधी ब्रेकमध्ये, टायरमध्ये जिरते. तिथे जागा पुरली नाही, तर माणसाच्या हाडामांसात. सरासरी वेग एका टक्क्यानं वाढला, तर जीवघेण्या धडकेची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यात एक आकडा स्पष्ट लिहिला आहे. जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या नेहमी एकत्र येतात, तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर.

[वेगमर्यादेची पाटी. तिच्या खालून गाड्या सुसाट जातात.]

पाटी लावायला एक दुपार पुरते. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

एखाद्या रस्त्यावर कुणाचा जीव गेला की दोन-चार दिवस एकच मागणी ऐकू येते, दंड वाढवा. हा राग खरा असतो, आणि दंड असायलाही हवा. पण चालकाचं मन कसं चालतं ते बघा. पाटीखालून जाताना दंडाची रक्कम कुणी आठवत नाही. एकच गोष्ट मनात येते, आज इथे कुणी उभं असेल का? उत्तर ‘नसणार’ असं आलं की दंड कितीही मोठा असो, पाय खाली दाबला जातो. शंभरदा नियम मोडून एकदाच जबर शिक्षा झाली, तर ते दुर्दैव वाटतं. दहातल्या चार वेळा साधी पावती फाटली, तर माणूस सवय बदलतो. जरब बसते ती पकडले जाण्याच्या खात्रीनं. गुन्हेगारीचा अभ्यास करणारे लोक हे कितीतरी वर्षं सांगत आले आहेत आणि रस्त्यावर ते रोज दिसतं.

म्हणून समोरून येणारा चालक दिवे लुकलुकवून इशारा देतो ना, ‘पुढे पोलीस आहेत’, तो इशारा मला आता खटकतो. मीही तो दिलेला आहे, माणुसकी म्हणून. आता देत नाही. तो मिळताच समोरची गाडी अर्धा किलोमीटर सरळ चालते आणि पोलीस मागे पडले की पुन्हा उसळते. कुठल्याही ठरावीक जागेच्या बंदोबस्ताची ही अडचण आहे. वेग त्या जागेपुरताच उतरतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं यावर एक साधी युक्ती केली. रस्त्यांचे लहान लहान तुकडे पाडले, आठवड्याच्या तासांचे तुकडे पाडले, आणि कुठल्या तुकड्यावर कधी पोलिसांची गाडी उभी करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. अधिकाऱ्याच्या मर्जीवर काही ठेवलं नाही. पोलीस तेवढेच, गाड्या त्याच. फक्त कुणाला अंदाज बांधता येईना. आज सकाळी या वळणावर, परवा रात्री त्या शाळेपाशी, मग आठवडाभर कुठेच नाही. गाडी लपवलेली नव्हती, उघड उभी असायची. दिसणं हाच तिचा उपयोग होता.

[रात्र. रस्त्याच्या कडेला उभे केलेले अडथळे. चालक यंत्रात फुंकर घालतो.]

दारूच्या बाबतीतही हेच घडलं. ब्रिटनमध्ये १९६७ साली श्वासाच्या तपासणीचा कायदा आला तेव्हा वाहतूक मंत्री होत्या बार्बरा कॅसल. त्या स्वतः गाडी चालवत नसत, आणि ज्यांना गाडी येत नाही त्यांनी आम्हाला शिकवू नये, असा सूर त्यांना ऐकावा लागला. त्या मागे हटल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं डिसेंबर १९८२ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. संशय येईल त्यालाच थांबवायचं, ही पद्धत सोडली. नाक्यावर जो येईल तो थांबेल आणि फुंकर घालेल. डॉक्टर असो, मंत्री असो, लग्नाहून परतणारी वरात असो. तिथे दारूपायी होणारे मृत्यू ठळकपणे घटले आणि तसे घटलेलेच राहिले. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. सगळ्यांना थांबवलं की कुणाचा अपमान होत नाही. चेहरा बघून, गाडी बघून, कपडे बघून थांबवण्यानं पोलिसांवरचा जो विश्वास उडतो, तो इथे शाबूत राहतो.

कॅमेऱ्याची गोष्ट अशीच. नेदरलँड्सचे मॉरिस गॅट्सोनिडीस १९५३ च्या माँटे कार्लो रॅली या मोटारशर्यतीचे विजेते. वळणावर आपली गाडी किती वेगात जाते हे कळावं, आणखी वेग काढता यावा, म्हणून त्यांनी एक उपकरण तयार केलं. त्यातूनच वेग टिपणारा कॅमेरा जन्माला आला. फ्रान्सनं २००३ च्या अखेरीस असे स्वयंचलित कॅमेरे देशभर बसवायला सुरुवात केली. २००२ मध्ये तिथे रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसं मेली होती. २०१० मध्ये हा आकडा चार हजारांच्या आत आला. सगळं श्रेय कॅमेऱ्यांचं नव्हे, पण त्यांचा वाटा मोठा.

कॅमेऱ्यावर एक आक्षेप सगळीकडे घेतला जातो: ही वसुली आहे. हा आक्षेप झटकून टाकू नये. कॅमेरा उताराच्या तळाशी, मोकळ्या रस्त्यावर बसवला असेल, जिथे पावत्या भरपूर फाटतात आणि मरत कुणी नाही, तर लोक म्हणतात ते खरं आहे. कॅमेरा कुठे हवा हे गेल्या काही वर्षांचा अपघातांचा नकाशा सांगतो. तो नकाशा लोकांना दाखवावा, कॅमेऱ्याआधी मोठी पाटी लावावी, आणि मग कुणाचीही गय करू नये. हेल्मेट आणि सीटबेल्टसाठी तर नकाशाही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार नीट बांधलेलं हेल्मेट मरणाचा धोका सहा पटींहून जास्त कमी करतं, आणि पुढच्या सीटवरचा पट्टा जवळपास निम्म्यावर आणतो.

[रुंद, सरळ रस्ता. मग तोच रस्ता अरुंद केलेला, मधे उंचवटा.]

पण पोलीस सगळीकडे आणि सतत उभे राहू शकत नाहीत. म्हणून काही काम रस्त्यानंच करायला हवं. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले आर्थर कॉम्प्टन अमेरिकेत एका विद्यापीठाचे प्रमुख होते. आवारातून भरधाव जाणाऱ्या गाड्या त्यांना बघवेनात. १९५३ मध्ये त्यांनी स्वतः आकडेमोड करून रस्त्यावरचा उंचवटा तयार केला. ठरावीक वेगानं गेलात तर काही कळत नाही, जास्त वेगानं गेलात तर डोकं टपाला आपटतं. इंग्रजीत या उंचवट्याचं एक नाव ‘झोपलेला पोलीस’ असं आहे. तो रात्रपाळीलाही असतो, आणि त्याच्यापुढे कुणाची ओळख चालत नाही.

स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये हा विचार शेवटापर्यंत नेला. माणूस चुकणारच, हे त्यांनी आधी मान्य केलं. चुकेल, दमेल, एखाद्या क्षणी भलतीकडे बघेल. त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये. मग रस्ते असे बांधायचे, वेग असे ठरवायचे, की चूक झाली तरी धडक शरीराला सोसवेल एवढीच बसेल. समोरासमोर धडका होतात तिथे मधे पोलादी तारा ओढल्या, चौकांच्या जागी वळसा घालून जायचे गोल (राउंडअबाउट) केले. वेग मोडणाऱ्याची जबाबदारी यानं कमी होत नाही, त्याला सवलतही मिळत नाही. फक्त रस्ता बांधणारा अभियंता आणि पाटी लावणारा अधिकारी हे दोघेही त्या जबाबदारीत आले.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. २०२५ च्या जुलैमध्ये या शहरानं एक अख्खं वर्ष पूर्ण केलं, ज्यात रस्त्यावर एकही माणूस मेलं नाही. निम्म्याहून जास्त रस्त्यांवर मर्यादा ताशी ३०. कॅमेरे आणि पोलीस आहेत, चालण्याची वाट वेगळी आहे, शाळांभोवतीही वेग ताशी ३० वर आणला आहे. हे एका रात्रीत झालेलं नाही. कितीतरी वर्षं एकेक रस्ता, एकेक चौक धरून ते काम चाललं.

[संध्याकाळ. पहिल्या दृश्यातला रस्ता. काळे पट्टे आता फिके झाले आहेत. कडेला एक महिला पोलीस शिपाई, हातात वेग मोजणारी स्पीडगन.]

चार तास झाले, त्या इथे उभ्या आहेत. आज इथे काहीच घडलेलं नाही. पायांना रग लागली आहे. दिवसाच्या अहवालात थांबवलेल्या गाड्यांची संख्या येईल, फाडलेल्या पावत्या येतील. आज जे कुणी घरी पोचलं, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

शाळेच्या बाजूनं दोन मुली येतात, कडेला थांबतात. लांबून एक गाडी येते. चालकाला गणवेश दिसतो. पाय ब्रेकवर जातो, चाकं जाम होत नाहीत, डांबरावर काही उमटत नाही. मुली रस्ता ओलांडतात. एकीचं बोलणं मधेच राहिलं होतं, ते ती पलीकडे पोचून पुरं करते.

स्पीडगनच्या पडद्यावर आकडे बदलत राहतात. ३४. २९. ३१. ३०.

मग ५८. त्या हात वर करतात आणि रस्त्यावर एक पाऊल पुढे येतात.