हरिद्वार ते कैलास: उलटी लागलेली चळत

मंडळी, आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. आपल्याकडे डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, खालचा जुना, वरचा नवा. घाटात एसटीच्या खिडकीतूनही मोजता येतात. ही सवय घेऊन हिमालयात गेलात की फसलात. तिथे जुना खडक सर्रास नव्याच्या उरावर बसलेला असतो.

तुमच्यातले बरेच जण बद्रीनाथला जाऊन आलेत, तोच रस्ता घेऊ. हरिद्वारला मनसादेवीची टेकडी चढलात ना? ती शिवालिक. ठिसूळ वालुकाश्म, माती, गोटे. हिमालय वर येत होता तेव्हा नद्यांनी त्याचीच झीज पायथ्याशी आणून टाकली, मग तीही उचलली गेली. वय 2 कोटी वर्षांच्या आत. ऋषिकेश सोडलं की मेन बाउंड्री थ्रस्ट ओलांडता; पाटीबिटी काही नाही. ही पृथ्वीच्या कवचाला गेलेली मोठी चीर. तिच्यावरून लघुहिमालयाचे, म्हणजे शिवालिकमागच्या मधल्या रांगांचे, खडक शिवालिकवर चढलेत आणि त्यातले काही 150 कोटी वर्षांहून जुने आहेत! देवप्रयाग, पिपळकोटी, सगळं यातच. गढवालच्या जुन्या घरांवर दगडी फरश्यांची छपरं दिसतात, त्यांना तिथे पठाल म्हणतात. तो इथलाच पाटीचा दगड.

आता जोशीमठच्या अलीकडे हेलंग. चहाला गाडी थांबली तर रस्त्याकडेचा दगड उचलून बघा. असा एक मी आणलाय, पुढच्या रांगेतून फिरवा. अभ्रक चमकतंय, आणि ते तांबूस दाणे गार्नेटचे. एवढे दाणे धरायला खडक 20-30 किलोमीटर खोल, 600 अंशांच्या आसपास शिजावा लागतो. इथून मेन सेंट्रल थ्रस्ट जातो, तशीच दुसरी मोठी चीर. गंमत अशी, की खाली कमी शिजलेले खडक आणि जसजसं वर जावं तसतसे जास्त शिजलेले. तव्यावरची भाकरी खालून भाजते. इथे वरची बाजू खरपूस आणि खालची कच्ची. कारण खोलातला तापलेला जाड पट्टाच या चिरेवरून थंड खडकांवर ढकलला गेला. बद्रीनाथभोवतीची शिखरं याच पट्ट्यातली.

त्याच्या पलीकडे टेथिस समुद्राचा गाळ. भारत आणि आशियाच्या मध्ये पूर्वी होता तो समुद्र. एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडी आहे, सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीची, आत सागरी जिवांचे तुकडे. आणि एवढ्या लांब कशाला, घरी देव्हाऱ्यात शाळिग्राम असेल तर बघा. नेपाळातल्या काली गंडकीतून येतो. त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शंखाची वेटोळी, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीची. पूजेच्या आड हे येत नाही. माझ्याकडेही एक आहे, रोज आंघोळ घालतो.

टेथिस समुद्र मिटला ती शिवण सिंधू आणि त्सांगपोच्या, म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेच्या, खोऱ्यांतून जाते. 1936 साली आउगुस्ट गान्सर हा स्विस भूवैज्ञानिक यात्रेकरूच्या वेशात तिबेटात शिरला. कैलासाच्या दक्षिणेला त्याला समुद्रतळाचे आणि त्याखालच्या प्रावरणाचे, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचे, गडद हिरवे खडक सापडले. भारत आणि आशिया जिथे भिडले, तिथे चिमटून वर आलेले. आणि ज्या कैलासाला त्याने प्रदक्षिणा घातली, तो ग्रॅनाइटचा असेल असं वाटतं ना? तर नाही. तो पिंडाश्माचा आहे, नद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचा.