“जा रे, एक खर्रा घेऊन ये”

(गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेच्या पालकसभेत समुपदेशक म्हणून केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

सगळ्यांनी हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून बघा. लाजू नका, मीही घालते. तिन्ही गेली? छान. ज्यांची दोनच गेली त्यांनी हात वर करू नका, पण या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे जा. आधी तिखटानं तोंडाची आग होते, मग गाल आतून आखडत जातात, पुढे घास मावत नाही. आखडलेलं तोंड सहसा पहिल्यासारखं होत नाही, आणि त्यातल्या काहींना कॅन्सर होतो.

हे मुख्यतः खर्र्यातल्या, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या मिश्रणातल्या, सुपारीनं होतं. पुष्कळांना वाटतं, वाईट तो फक्त तंबाखू. म्हणून “नुसती गोड सुपारी आहे जी मॅडम,” म्हणत आईच पोराच्या हातात पुडी देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 साली नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. आता आपल्याकडे लग्न ठरतं ते सुपारी फोडून, पूजेत गणपती मांडतो तोही सुपारीचा. त्याला माझी ना नाही. ती सुपारी दिवसभर गालात धरून कोणी बसत नाही.

आता जे बोलणार आहे त्याचा राग मानू नका. सहावी-सातवीच्या पोरांना मी विचारते, पहिला खर्रा कुठून मिळाला? मला वाटायचं, मोठे पोट्टे देत असतील. तसंही होतं. पण कितीतरी जण सांगतात, “बाबानं आणायला पाठवलं होतं.” पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटतात. पोरगं तिथं उभं राहून बघतं, येता येता गाठ सोडतं आणि चिमूटभर तोंडात टाकतं. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं मनाई आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तर कुणालाच विकता येत नाही. आपण ठेलेवाल्यावर चिडतो, पण हे गिऱ्हाईक आपणच पाठवलेलं असतं. आपला जिल्हा 1993 पासून दारूबंदीचा, तीही लोकांनी, बायांनी मागून घेतलेली. त्याच घरांत खर्र्याची पन्नी उशीखाली सापडते. बायांच्याही उशीखाली, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी एक मुलगा आला, बावीस वर्षांचा. तालुक्याला खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे सोळाशे मीटर धावायचा आणि रात्री खर्र्यावर खर्रा. तक्रार काय, तर तोंड उघडत नाही. मी त्याला कॅन्सरचे फोटो दाखवले नाहीत. ते त्यानं पाहिलेच होते, खर्रा खात खात. मी विचारलं, “खाल्ल्यावर काय होतं रे?” म्हणाला, “डोकं शांत होतं.”

मग डोक्यात काय चाललंय ते निघालं. दोन भरत्या हुकल्या होत्या. बहिणीचं कॉलेज थांबवून त्याच्या खोलीचं भाडं जात होतं. झोप नव्हती. गावी फोन आला की उचलायचा नाही. मी सरळ विचारलं, “जीव द्यावा असं येतं का मनात?” असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते खूळ शिरत नाही, ही भीती मनातून काढा. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “येतं कधी कधी. पण हे कोणी विचारलं नव्हतं.”

त्या दिवशी आधी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं, गालाचं नंतर पाहिलं. खर्र्याचं शांत होणंही मी त्याला समजावलं. आधीच्या खर्र्याची तलफ चढते, जीव कासावीस होतो, नवा खाल्ला की तेवढं जातं. माणसाला वाटतं, टेन्शन गेलं. भाडं, बहीण, भरती सगळं जिथल्या तिथं.

सोडताना पहिला आठवडा फार वाईट. पोरगं खेकसतं, ताट सरकवून देतं. त्या आठवड्यात त्याच्या मार्कांचा विषय काढू नका. ठेल्यावर तो निम्म्या वेळा खर्र्यासाठी जातच नसतो, मित्र तिथं असतात म्हणून जातो. एकाची पन्नी सुटली की चार हात पुढे येतात. त्यात आपलाच हात मागे घेणं म्हणजे टोळीतून उठून जाणं. म्हणून त्या मुलाचं आम्ही एकट्याचं ठरवलं नाही, खोलीतल्या तिघांचं मिळून ठरवलं. एकानं आठ दिवसांत परत धरला. पाहू.

मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या टेली मानसचा 14416 हा नंबर लिहून घ्या. सरकारचा आहे, 2022 साली सुरू झाला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री दोन वाजताही. आई-बापांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो.

त्या मुलाची तीन बोटं अजून जात नाहीत, अडीच जातात म्हणतो. भरतीचा फॉर्म परत भरलाय. बहीण कॉलेजला जाते. बाप अजून खर्रा खातो, पण आणायला आता स्वतः जातो.