चिफाला जायचं तर गँग घेऊनच

लीमा, पेरूची राजधानी. सेंट्रल मार्केटजवळ काये कापोन नावाचा रस्ता आहे, तिथं 1971 पासून चिनी धाटणीची कमान उभी आहे, हाच इथला चायना टाऊन. या भागात पावलोपावली चिफा आहेत. चिफा म्हणजे पेरूतलं चायनीज रेस्टॉरंट. रविवारी दुपारी आत नुसतं डोकावलं तरी कळतं की हे काही एकट्यानं येऊन गुपचूप जेवायचं ठिकाण नाही, मोठी गोल टेबलं, मध्ये फिरती काच, आणि भोवती आजीपासून कडेवरच्या बाळापर्यंत अख्खं खानदान, सगळे एकदम बोलतायत.

पहिल्यांदा येतात तळलेले वान्तान, म्हणजे पातळ पिठाच्या चिनी पुड्या, सोबत चिंचेचा गोड-आंबट सॉस. काच फिरायला लागते आणि ज्याच्यासमोर थांबेल त्यानं पटकन उचलायचं. मध्ये पिवळ्याधमक इंका कोलाची मोठी बाटली, हा 1935 पासूनचा लीमाचाच सोडा, चिफाच्या टेबलावर तो हवाच.

आता किचनमध्ये चला, कारण खरी मजा तिथं आहे. लोमो साल्तादो बनतंय. मोठ्या आचेवर कढई तापून धूर निघायला लागला की बीफच्या पट्ट्या आत, त्या ढवळत बसायचं नाही, आधी कडा लालसर होऊ द्यायच्या. मग जाड चिरलेला कांदा, पिवळी आही मिरची, आणि कडेनं सोया सॉस-व्हिनेगर सोडलं की भप्पकन जाळ वर येतो. टोमॅटो अगदी शेवटी, कारण त्याला पाणी सुटलं की मांस परतायचं सोडून उकडायलाच लागतं. वरून फ्रेंच फ्राईज आणि बाजूला भात. हो, बटाटाही आणि भातही, एकाच ताटात! बटाटा इथल्याच अँडीजचा, तर कढईत परतायची पद्धत आणि सोया सॉस चीनवरून आलेले.

आणि हे आलं कसं ते ऐकताना जरा गंभीर व्हावं लागतं. 1849 ते 1874 या काळात जवळपास एक लाख चिनी मजूर पेरूत आणले गेले, बहुतेक दक्षिण चीनमधले. काही महिन्यांचा समुद्रप्रवास, त्यात कित्येक जण वाटेतच गेले, जे पोचले त्यांच्यापुढं सहसा आठ वर्षांचा करार, उसाच्या आणि कापसाच्या मळ्यात नाहीतर ग्वानोच्या बेटांवर पक्ष्यांची विष्ठा खणायचं काम. करारात रोजचा तांदूळ लिहिलेला असायचा. करार संपल्यावर बऱ्याच जणांनी शहरात येऊन छोट्या खाणावळी टाकल्या, हाताला जे मिळेल त्यात रांधलं, आणि 1920 च्या दशकापासून लीमातली बडी मंडळीसुद्धा चिफात जेवायला यायला लागली. मला हे फार मोठं वाटतं, ज्यांना माणूस म्हणूनही धड वागवलं नाही त्यांच्या स्वयंपाकाशिवाय आज या देशाचं पान हलत नाही.

चाउफा घ्या, म्हणजे अंडं, पातीचा कांदा, आलं, सोया सॉस घालून परतलेला भात. किनाऱ्यावर त्यात मासळी पडते, अॅमेझॉनकडं सेसिना म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस, आणि कुठं कुठं तर तांदळाच्या जागी चक्क किनवा, म्हणजे अँडीजमधलंच बारीक दाण्याचं धान्य.

असंच नातं क्यूबातही जुळलं, आणि 1959 च्या क्रांतीनंतर तिथले बरेच चिनी न्यूयॉर्कला गेले तेव्हा तिथंही एकाच मेन्यूवर फ्राईड राईस आणि काळे घेवडे, तळलेली केळी दिसू लागली. पण गोंगाट करत जेवायचं तर माझं मत लीमालाच.

जाल तेव्हा सहा-आठ जण तरी जा. प्रत्येकानं आपापली प्लेट मागवायची नाही, सगळं मध्ये ठेवायचं. एक मोठा चाउफा, एक लोमो, एक तायारिन म्हणजे परतलेल्या नूडल्स. आणि भात की नूडल्स यावरून वाद पेटलाच तर आएरोपुएर्तो मागवा, त्यात दोन्ही एकत्र परतलेले असतात.