उघडा माळ

कुसळी गवताचे पिकलेले कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला, की ते पीळ उलगडत स्वतःभोवती फिरू लागते. पावसाची ओल लागली की माळावरही ते असेच फिरते आणि टोकाचा अणकुचीदार दाणा मातीत रुतवते. सोलापूरहून बार्शीकडे जाताना नान्नजच्या परिसरात जो माळ पसरला आहे, त्यावर माझा जीव जडला तो अशा गोष्टींमुळे. येथील सारे रान गुडघ्याएवढ्या उंचीत सामावलेले आहे, आणि ते पाहायचे तर खाली बसावे लागते.

मी माळाच्या संवर्धनाच्या कामात आलो माळढोकासाठी. पंधरा किलोंपर्यंत वजन भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, आणि शत्रू लांबूनच दिसावा म्हणून त्याला मोकळे रान लागते. 1979 मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी सुमारे 8,496 चौ. कि.मी.चे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आल्याने लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच कटुता साठत गेली, आणि पुढे ते क्षेत्र सुमारे 1,222 चौ. कि.मी.वर आणावे लागले. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमात कुंपण घालून राखलेल्या तुकड्यांत गवत चांगले वाढले आणि माळढोकांनी तेथे आसरा घेतला, हे मान्यच केले पाहिजे. पण अशाच तुकड्यांत गिरिपुष्पासारखी झाडेही लावली गेली आणि मोकळा माळ आक्रसला. भोवताली ऊस आला, द्राक्षबागा आल्या, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे फार थोडे दिसते, आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तारांना धडकून तो मरतो. आज या माळावर तो दिसणे ही दुर्मीळ बातमी झाली आहे, आणि त्याचे दुःख मला अजूनही आवरत नाही.

तरीही हा माळ सोडून जावेसे वाटले नाही. येथे लांडगे आहेत, काळवीट आहेत, खोकड आहे. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून पिलांसाठी पाणी नेतो. थंडीत मध्य आशियाकडून आलेले भोवत्ये हे शिकारी पक्षी सायंकाळी गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतात. लांडग्याचा माग कसा ओळखावा, कोणत्या ओघळीत उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकते, हे मला धनगरांनी दाखवले. कळपातले मेंढरू गेले तरी लांडगा आपला वाटा घेऊन गेला असे म्हणणारी माणसे त्यांच्यात मला भेटली, आणि संवर्धनाचा विचार मी त्यांच्याकडून अधिक शिकलो असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच वृक्षारोपणासाठी येथे खड्डे खणले जातात तेव्हा मी विरोधात उभा राहतो. झाडे लावण्यास नाही म्हणणारा माणूस लोकांना विचित्र वाटतो. पण येथील माती गवताच्या मुळांनी धरून ठेवली आहे, आणि मेंढ्यांचे पोटही याच गवतावर भरते. काही तुकड्यांतील गिरिपुष्प पावसाळ्यापूर्वी काढावे, असा आमचा आग्रह आहे. मारवेल आणि पवन्या ही गवते तेथे आपोआप परततात की बी टाकावे लागते, हे त्यानंतरच्या एक-दोन पावसाळ्यांत कळेल.