लावलेल्या रानात पक्षी घरटे करतात का?

नमस्कार. माझ्या मागे, बोरिवलीतल्या या खिडकीबाहेर, शेवग्याची एक वठलेली फांदी दिसते आहे. तांबटाची जोडी आळीपाळीने तिच्या खालच्या अंगाला चोचीने टोचे मारते आहे; कॅमेरा जवळ नेला की गोल, तासून काढल्यासारखे भोक आणि खाली पडणारा लाकडाचा भुसा स्पष्ट दिसतो. तांबट या फांदीवर येऊन बसतो, हे मी वर्षभर पाहत आले आहे. परंतु तो येथे विणीची तयारी करतो आहे, ही गोष्ट निराळी आहे.

आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी लावलेल्या रानांविषयीही हाच प्रश्न विचारावा लागतो. गहू आणि मेंढ्यांसाठी तेथील निलगिरीची मूळची राने तुटली, झाडांच्या खोल मुळांनी ओढले जाणारे पाणी जमिनीतच राहू लागले, भूजल वर आले आणि त्याबरोबर मीठही वर आले. जमीन वाचवण्यासाठी, वारा अडवण्यासाठी आणि मेंढ्यांना आडोसा मिळावा म्हणून अनेकांनी स्थानिक झाडे पुन्हा लावली; 1986 साली व्हिक्टोरिया राज्यात सुरू झालेल्या लँडकेअर चळवळीने या कामाला मोठे बळ दिले. त्या झाडांवर पक्षी आले. मात्र पक्षी नुसता दिसला म्हणून त्याची वीण होते असे म्हणता येत नाही. चोचीत काडी किंवा अळी घेऊन एकाच झुडपात वारंवार शिरणारा पक्षी, किंवा पंख फडफडवत खाऊ मागणारे पिलू दिसले, तरच तसे म्हणता येते.

वीण होण्यासाठी झाडांखाली दाट झुडपे लागतात. सुपर्ब फेअरी-रेन हा चिमुकला पक्षी जमिनीलगतच्या झुडपात घुमटाकार घरटे बांधतो, त्यामुळे मेंढ्यांनी खालचा पाला ओरबाडला की त्याचा आडोसाच जातो. म्हणून लागवडीभोवतीचे कुंपण मला रोपांइतकेच महत्त्वाचे वाटते. झाडांची एक-दोन ओळींची अरुंद, तळ मोकळा असलेली पट्टी मात्र नॉइझी मायनर नावाच्या पक्ष्याच्या पथ्यावर पडते. (नाव ऐकून आपली साळुंकी आठवेल, पण हा मधुभक्षी कुळातला आहे.) हे पक्षी टोळीने राहतात आणि लहान पक्ष्यांना अक्षरशः हुसकावून लावतात, त्यांचा हा उपद्रव ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने 2014 मध्ये कायद्यानुसार जैवविविधतेला असलेला धोका म्हणून नोंदवला. त्यामुळे लागवड रुंद आणि झुडपांनी भरलेली असणे फार गरजेचे आहे.

ढोलीत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची अडचण याहून मोठी आहे. आपल्याकडे तांबट आणि सुतार लाकूड कोरतात आणि त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळासारखे पक्षी संसार थाटतात. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाहीतच. तेथे बुरशी, वाळवी आणि वणव्यामुळे खोड हळूहळू पोखरले जाते, आणि मोठी ढोली तयार व्हायला निलगिरीला शंभराहून अधिक वर्षे लागतात. वीस वर्षांच्या लागवडीत ढोलीत घरटे करणाऱ्या सुपर्ब पॅरट या पोपटाला ती कोठून मिळणार? ढोलीऐवजी घरट्यासाठी लाकडी पेट्या टांगल्या जातात, पण त्यांची देखभाल करावी लागते आणि प्रत्येक जात त्या स्वीकारतेच असे नाही. म्हणून शेतात एकटे उभे असलेले जुने झाड, मग ते पूर्ण वठलेले का असेना, न तोडता त्याच्याभोवतीच नवी रोपे लावणे मला सर्वांत योग्य वाटते: ढोलीतल्या पिलांसाठी चारा मग त्याच्या बुंध्याशीच मिळू लागतो.